उलट्या ध्वजाबाबतचा खुलासा

चौकशी अहवालाचा चौथा परिच्छेद असा होता: "मयत कर्मचारी शुक्रवारी सायंकाळी ध्वज उतरवून परतत असताना हृदयक्रिया बंद पडून जागीच मरण पावला. तत्पूर्वी त्याच्या हातून ध्वज अनवधानाने उलटा चढवला गेला होता. शुक्रवार ते रविवार अशा सलग तीन दिवसांच्या सुट्टीमुळे ही बाब सोमवारी सकाळपर्यंत कोणाच्याही निदर्शनास आली नाही."

तीन वाक्ये. ताईंनी ती आधी वाचली आणि मग तपासली. या दोन क्रियांमधले अंतर हाच त्यांचा आयुष्यभराचा व्यवसाय होता. चाळीस वर्षे त्यांनी जुन्या हस्तलिखितांच्या प्रती एकमेकींशेजारी ठेवून कोणत्या नकलनवीसाने कुठे काय बिघडवले हे शोधण्यात घालवली होती. मेलेल्या माणसांच्या चुका त्यांना नात्यागोत्यासारख्या पाठ होत्या. जिवंतांच्या चुकांशी त्यांचा फारसा संबंध येत नसे, कारण जिवंत माणसे त्यांच्याकडे फारशी येत नसत.

पहिले वाक्य. हृदयक्रिया बंद पडल्याखेरीज आजवर कोणी मेलेले नाही. हे कारण सांगणे म्हणजे दिवा का विझला या प्रश्नाला उजेड गेला म्हणून असे उत्तर देणे होय. दुसरे वाक्य पहिल्याच्या शेजारी उभे राहताच दोघांचे भांडण जुंपत होते. जो ध्वज शुक्रवारी संध्याकाळी उतरवला गेला, तो सोमवारी सकाळी काठीच्या टोकावर होता. मधल्या काळात तो कोणीतरी चढवलेला असणार. चढवणारा जागीच मेला असेल, तर एकतर मेलेल्याने झेंडा चढवला किंवा झेंडा आपणहून चढला. खात्याच्या नियमावलीत दोन्हींची तरतूद नव्हती.

तिसऱ्या वाक्यापाशी त्या थांबल्या. 'कोणाच्याही' या शब्दाखाली त्यांनी पेन्सिलीने बारीक रेघ ओढली. पुराव्याशिवाय एवढा मोठा शब्द वापरणाऱ्या नकलनवीसावर त्यांनी कधीच विश्वास ठेवला नव्हता.

मयत कर्मचारी हा त्यांचा धाकटा भाऊ.

सोबतच्या पत्रात म्हटले होते की हरकत असल्यास पंधरा दिवसांत नोंदवून सुनावणीस हजर राहावे. अन्यथा अहवाल अंतिम समजून त्याची नोंद मयताच्या सेवापुस्तकात घेण्यात येईल. तेवीस वर्षे रोज सूर्योदयाला झेंडा चढवणाऱ्या आणि सूर्यास्ताला उतरवणाऱ्या माणसाच्या पुस्तकातली शेवटची ओळ 'राष्ट्रध्वजाचा अवमान' अशी होणार होती. ते पुस्तक उघडून पाहील असे जगात कोणी नव्हते. त्याला ना बायको, ना मूलबाळ. पण न उघडलेल्या पुस्तकातली चूकही चूकच असते, यावर ताईंनी आपले आयुष्य लावले होते. माघार घ्यायला आता उशीर झाला होता.

भाऊ तरुणपणी बंदरावर होता. तिथल्या संकेत-मनोऱ्यावर नऊ वर्षे त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना रंगीत निशाणे दाखवली आणि त्यांची वाचली. पुढे मनोरा बंद झाला, आणि सरकारने त्याला समुद्रापासून सहा तास आत, भूमापन खात्याच्या पाच मजली कार्यालयात ध्वजधारक म्हणून आणून बसवले. तिथे त्याला 'कप्तान' म्हणू लागले. नाव थट्टेचे होते, पण त्याने ते गंभीरपणे घेतले.

निशाणांची भाषा मात्र तो बंदरावर शिकला नव्हता. ती त्याला ताईने शिकवली होती, आणि तेव्हा दोघांपैकी कोणालाच ती भाषा आहे हे ठाऊक नव्हते. वडील तापट. ताई आठ वर्षांनी मोठी, आणि वडिलांच्या रागाला बांध घालणे घरात तिला एकटीलाच जमत असे. ती शाळेतून परत येताना कोपऱ्यावरूनच गॅलरीकडे बघायची. तिथे भावाने वाळत घातलेला, एका बाजूला लाल काठ असलेला टॉवेल असे. काठ वर असला तर घरात शांतता. काठ खाली असला की ताई उरलेला रस्ता पळत यायची. वडिलांना तो कपडे वाळत घालण्यातला गबाळेपणा वाटे, आणि त्यासाठी ते पोराला वेगळे झोडपत.

म्हातारपणाच्या उंबरठ्यावर दर रविवारी दुपारी चारला ताईंचा फोन जायचा.

"बोला, मुख्यालय," तो म्हणायचा.

"कप्तान, झेंडा कसा आहे?"

"सुलटा."

मग दोघे वीस मिनिटे हवापाण्यावर आणि गुडघ्यांवर बोलत. खरे बोलणे त्या एका शब्दातच उरकलेले असे.

त्या रविवारी त्याने फोन उचलला नाही. ताईंनी चारला लावला, सव्वाचारला लावला. आदल्या रविवारी त्यांनी त्याला सांगितले होते, पुढच्या वर्षी निवृत्त झालास की इकडेच ये, दोन खोल्या आहेत, एक तुझी. तो एवढेच म्हणाला होता, "बघू." म्हणून त्या रविवारी ताईंना वाटले, रुसला असेल. तिसऱ्यांदा त्यांनी लावला नाही. त्यांना स्वाभिमान होता. आयुष्यभर जपलेला, इस्त्री मोडू न दिलेला. सोमवारी सकाळी दहाला कार्यालयातून फोन आला तेव्हा पलीकडचा माणूस काय सांगतो आहे हे कळण्याआधी त्यांच्या मनात आले, बरे झाले, रुसवा गेला.

हे त्यांनी कोणाला सांगितले नाही. सांगण्यासारखे कोणी नव्हतेही.

सुनावणीच्या आठवडाभर आधी ताई भावाच्या कार्यालयाच्या गावी गेल्या. सहा तासांचा प्रवास, भाड्याची एक खोली, खिडकीतून दिसणारी एक भिंत. सकाळी कार्यालयात गेल्या तेव्हा पाचव्या मजल्यावर झाडूवाली बाई भेटली. अहवालात तिचा उल्लेख 'सफाई कर्मचारी (कंत्राटी)' एवढाच होता. इमारतीत सगळे तिला मावशी म्हणत.

"तुम्ही कप्तानच्या ताई ना?" मावशी म्हणाली. "नाकावरून ओळखलं."

"नाक वडिलांचं आहे. दोघांनाही नको होतं."

"ते पण हेच म्हणायचे." मावशीने झाडू भिंतीला टेकवला. "चला, दाखवते. नवा ध्वजधारक चहाला गेलाय, तो तासभर येत नाही. कप्तान गेले आणि त्यांच्याबरोबर वेळसुद्धा गेली इथली."

ध्वजकक्ष म्हणजे एक अरुंद खोली. एक टेबल, एक कपाट, भिंतीवर सूर्योदय-सूर्यास्ताचा तक्ता. टेबलासमोर चौकटीत लावलेला आदेश: ध्वजस्थळी भ्रमणध्वनी नेण्यास सक्त मनाई, तो टेबलाच्या खणात ठेवावा. खाली अधीक्षकांची सही.

"कोणी एकाने झेंड्याबरोबर फोटो काढला होता," मावशी म्हणाली. "तेव्हापासून हा कागद. कप्तान तर नियमाचे पक्के. मी म्हणायचे, अहो, एकटे जाता, राहू द्या खिशात. तर म्हणायचे, मावशी, जहाजावर नियम मोडला की जहाज बुडतं. मी म्हटलं, इथे कुठलं आलंय पाणी, नळाला येत नाही ते."

खोलीच्या मागच्या दारातून सात पायऱ्यांची लोखंडी शिडी खाली गच्चीवर उतरत होती. गच्ची म्हणजे चारी बाजूंनी छातीपर्यंत भिंत असलेला चौकोनी हौदच, आणि मधोमध काठी. शिडीच्या सहा पायऱ्या गंजलेल्या होत्या. वरून तिसरी नवीकोरी होती, रंगही ओला वाटावा इतका ताजा.

ताईंनी त्या पायरीवर बोट ठेवले. "ही कधी बसवली?"

"त्या मंगळवारी. सोमवारी कप्तानना नेलं, मंगळवारी वेल्डिंगवाला आला. त्याआधी, पायरी हलते म्हणून, वर्षभर ते अर्ज देत होते. आता कळलं, अर्जाला किती वजन ठेवावं लागतं."

ताई गच्चीवर उतरल्या. शिडीच्या पायथ्यापासून काठीपर्यंत पाच पावले होती. शवविच्छेदनात खुबा मोडल्याची नोंद होती; तशा खुब्याने सरपटणाऱ्याला ती किती पडली असतील, हा हिशेब त्यांनी पुढे ढकलला.

"इथे होते," मावशी म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. "मी वरचं दार उघडलं, तर काठीला टेकून बसलेले. मी आधी रागावले. म्हटलं, कप्तान, फरशी गार आहे, उठा. मग उतरले. दोरी मनगटाला दोन वेढे घालून धरली होती. ती मलाच सोडवावी लागली."

"दोरीचं अहवालात नाही."

"साहेब म्हणाले, पडताना धरली असेल, त्याचं काय लिहायचं."

"आणि तुम्ही?"

"मला कोण विचारतंय? मी कंत्राटी. कंत्राटी माणसाच्या डोळ्याला दिसलेलं धरत नाहीत, ताई."

इतक्यात वरच्या खोलीतल्या खणात नव्या ध्वजधारकाचा फोन वाजू लागला. भिंतींच्या त्या हौदात तो आवाज असा स्पष्ट उतरला की ताईंनी दचकून वर पाहिले.

"वाजू दे," मावशी म्हणाली. "वर चढेपर्यंत बंद पडतो."

तो वाजत राहिला आणि बंद पडला. भिंतीपलीकडे काही दिसत नव्हते. रस्ता, झाडे, माणसे सगळी भिंतीखाली बुडालेली. फक्त आवाराच्या टोकाला एका घराची वरची गॅलरी दिसत होती, कुंड्यांची नीट ओळ असलेली.

"ते कोणाचं?"

"साहेबांचं."

अधीक्षकांनी ताईंना आदराने बसवले. ते देखणे, नेटके, साठीकडे झुकलेले गृहस्थ होते. बोलताना टेबलावरची पट्टी कडेला समांतर करण्याची त्यांना सवय होती.

"चहा घेणार का, बाई?"

"नको. मला तो ध्वज पाहायचा आहे."

"तो पुरावा म्हणून सीलबंद आहे." ते थांबले. "पण तुम्ही बहीण आहात. समोर उघडतो. ध्वजाच्या बाबतीत मी स्वतः फार काटेकोर आहे."

"ऐकून आहे."

त्यांनी पाकीट उघडले, आणि मान्य करायला हवे की ध्वज त्यांनी दोन्ही हातांनी, जमिनीला लागू न देता बाहेर काढला. वर गडद पट्टा, खाली पांढरा. गडद पट्ट्याच्या कोपऱ्याला, दोरीच्या अंगाला, एक लाकडी गुल्ली शिवलेली होती. ताईंना ती ठाऊक होती. भावाने एकदा फोनवर पंधरा मिनिटे तिचे कौतुक सांगितले होते. दोरीला एक फास असतो, गुल्ली त्यातच बसते, म्हणून अंधारात, झोपेत, तापातसुद्धा झेंडा उलटा लागत नाही. उलटा लावायचाच झाला तर गुल्ली सोडून द्यावी लागते आणि खालचा कोपरा दुसऱ्या कशाने तरी वर बांधावा लागतो.

खालच्या, पांढऱ्या कोपऱ्याला काळी नाडी बांधलेली होती. बुटाची. गाठ बंदरावरची, दोन वेढ्यांची, ओढली की आवळणारी.

मृतदेहाजवळ सापडलेल्या वस्तूंची यादी ताईंनी पिशवीतून काढली. अनुक्रमांक सहा: काळे बूट, एक जोडी, पैकी उजवा नाडीविरहित.

"साहेब," त्या म्हणाल्या, "हस्तलिखितांत एक गोष्ट कधी घडत नाही. चूक कधी कष्ट घेत नाही. दमलेला नकलनवीस अवघड शब्दाचा सोपा करतो, सोप्याचा अवघड करत नाही. माझ्या भावाने बुटाची नाडी काढली, ती इथे बांधली, आणि झेंडा असा चढवला की तो चुकून चढूच शकत नाही. याला अनवधान कोणत्या शब्दकोशात म्हणतात?"

"मग मुद्दाम केलं, असं म्हणायचंय तुम्हाला? ते तर जास्त गंभीर होईल, बाई. मी त्यांचं नाव वाचवायला 'अनवधानाने' लिहिलं."

"उलट्या झेंड्याचा अर्थ काय होतो?"

"अवमान."

"समुद्रावर? तिथे तो संकटाचा निरोप असतो."

ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "हा समुद्र नाही. आणि समजा असेल अर्थ, तर वाचणार कोण? सुट्टीत कोण वर बघतं?"

प्रश्न बिनतोड होता. ताई उठल्या.

घरी परतल्यावर त्यांनी हरकतीचा मसुदा लिहायला घेतला. पायरी, नाडी, मनगटाचे वेढे. सगळे बसत होते, पण एवढ्याने एवढेच सिद्ध होत होते की त्याने हाक मारली. कोणी ऐकली नाही, या वाक्याला अजून तडा गेला नव्हता. आणि खरे सांगायचे तर त्या वाक्यात ताईंनाही आसरा होता. कोणीच ऐकले नसेल, तर न ऐकणाऱ्यांत त्या एकट्या नव्हत्या.

भावाच्या पत्रांचा गठ्ठा टेबलाच्या खणात पडून होता. कायमचा पत्ता म्हणून त्याने सगळीकडे ताईंचाच दिलेला, त्यामुळे त्याचे टपाल तो गेल्यावरही येत राहिले. त्यात भूमापन खात्याचे एक पाकीट होते. तो गेल्यानंतर पाचव्या दिवशी आलेले. शोकसंदेश असेल म्हणून ताईंनी ते फोडलेच नव्हते. शोकसंदेशांतली विशेषणे त्यांना सोसत नसत. आता पाकिटावरचे नाव त्यांनी पुन्हा वाचले. पत्र कुटुंबीयांना नव्हते. त्यालाच होते.

"विषय: राष्ट्रध्वजाच्या अवमानाबाबत खुलासा सादर करणेबाबत.

आज शनिवार रोजी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी, कार्यालयास सुट्टी असताना, इमारतीवर ध्वज उलट्या स्थितीत फडकत असल्याचे अधोस्वाक्षरीकार यांनी समक्ष पाहिले. सदर कृत्य गंभीर असून आपणांविरुद्ध कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा. विहित मुदतीत खुलासा प्राप्त न झाल्यास आपणांस काहीही सांगावयाचे नाही, असे गृहीत धरण्यात येईल."

खाली अधीक्षकांची सही. टंकलेखन स्वच्छ, एकही खाडाखोड नाही.

सहीच्या खाली निळ्या शाईत, हाताने, समांतर ओळींत आणखी काही होते.

"पुरवणी: रविवारी दुपारी चार वाजता, व पुनश्च चार वाजून पंधरा मिनिटांनी, सदर ध्वज अर्ध्यापर्यंत खाली घेऊन परत चढवण्यात आला. आदेशाविना ध्वज अर्ध्यावर आणणे हा स्वतंत्र गैरप्रकार असून त्याचाही खुलासा करावा."

ताईंनी पत्र टेबलावर ठेवले. मोबाइल उघडून त्या रविवारची यादी काढली. त्यांना आकडे आठवत होते, पण आठवणीवर विसंबून त्यांनी आयुष्यात कधी पाठ ठरवला नव्हता. जावक कॉल: चार. जावक कॉल: चार पंधरा.

खोलीत दुपारचे ऊन होते. शेजारच्या घरात कोणीतरी भांडी घासत होते. 

खणातला फोन वाजला होता. शिडीच्या वर, सात पायऱ्यांवर. तो कोणाचा, हे त्याला सांगायला लागले नसते. रविवारचे चार. त्याला चढता येत नव्हते, त्याचा आवाज भिंतीपलीकडे जात नव्हता, पण दोरी हातात होती. मुख्यालयाने विचारले, झेंडा कसा आहे? त्याने दोन्ही वेळा उत्तर दिले. सहा तासांच्या अंतरावर ताई कानाशी फोन धरून रुसव्याचा विचार करत होत्या.

तिसऱ्यांदा त्यांनी लावला नव्हता. पुरवणीतही तिसरी वेळ नव्हती.

सुनावणीची खोली लहान होती. एक लांब टेबल, तीन खुर्च्या, कोपऱ्यात टंकलेखिका. चौकशी अधिकारी खात्याच्या मुख्यालयातून आलेले, सर्दीने बेजार गृहस्थ होते. दुपारच्या गाडीने परतायचे असल्याचे त्यांनी आल्या आल्या सांगून टाकले होते.

ताईंनी पायरी मांडली, नाडी मांडली. मावशी दाराशी उभी होती. तिला आत बोलावले गेले, तेव्हा खुर्ची कोणी दिली नाही. तिने मनगटाच्या वेढ्यांचे सांगितले आणि वर म्हणाली, "लिहा. कंत्राटी म्हणून लिहा, पण लिहा."

अधिकाऱ्यांनी नाक पुसले. "बाई, हे सगळं दुःखद आहे. आपण 'अनवधानाने' हा शब्द काढू. पण कोणाच्या लक्षात आलं नाही, ही वस्तुस्थिती आहे. त्याला कोण जबाबदार?"

"जावक नोंदवही मागवा," ताई म्हणाल्या.

ती आली. त्या सोमवारच्या पानावर एकशे एकेचाळीस नंतर एकदम एकशे त्रेचाळीस होता. मधल्या ओळीवर पांढरा रंग फासलेला.

"एकशे बेचाळीस कुठे आहे?"

अधीक्षकांनी समोरची पेन्सिल कागदाला समांतर केली. "रद्द झालेलं पत्र असेल."

"रद्द झालं नाही. पोहोचलं." ताईंनी पाकीट टेबलावर ठेवले. "तुमच्या कार्यालयाचं मला कौतुक वाटतं, साहेब. रविवारी संध्याकाळी तुम्ही जावक पेटीत टाकलेलं पत्र सोमवारी सकाळी पहिल्या टपालाने गेलं. वर गच्चीवर त्याच वेळी मावशी दोरी सोडवत होती. तुम्ही कार्यालयातली प्रत फाडली, नोंदीवर रंग लावला, पण मूळ पत्र कायमच्या पत्त्यावर जातं, हे विसरलात. नियम पाळणारा माणूस नियमानेच सापडतो."

चौकशी अधिकाऱ्यांनी पत्र वाचले. मग पुन्हा वाचले. सर्दी विसरून त्यांनी रुमाल खिशात ठेवला.

"साहेब, हे तुमचं अक्षर?"

"हो."

"शनिवारी पाहिलंत?"

अधीक्षकांनी खिडकीकडे पाहिले. त्यांचा चेहरा ओशाळलेला नव्हता. हिशेब जुळत नसलेल्या माणसासारखा, थोडा गोंधळलेला होता.

"मी माझं काम केलं," ते म्हणाले. "दिसलं ते नोंदवलं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. दुसरा कोणी असता तर तेवढंही केलं नसतं."

"ते खरं आहे," ताई म्हणाल्या. "माझ्या भावाचं म्हणणं जगात एकट्या तुम्हीच वाचलंत. मिनिटासकट. मीसुद्धा नाही वाचलं. म्हणून तुम्हाला एकच विचारते. रविवारी चारला, गॅलरीत, तुम्ही नेमकं काय पाहिलंत? नोटिशीच्या भाषेत नको. जेवताना घरी सांगाल तसं सांगा."

अधीक्षक बोलू लागले. त्यांना थांबता आले असते, पण सवय मोडली नाही. विचारले की पूर्ण उत्तर द्यायचे.

त्यांचे सांगून झाले. चौकशी अधिकारी टंकलेखिकेकडे वळले. "असं घ्या. 'सदर बाब अधीक्षकांच्या अंशतः निदर्शनास आली होती, तथापि...'"

"नाही," ताई म्हणाल्या. "जसं बोलले तसं. एक शब्द इकडचा तिकडे नको. मी शेजारी उभी राहून ताडून पाहीन."

अधिकाऱ्यांनी गाडीच्या वेळेकडे पाहिले, मग पत्राकडे, आणि मान हलवली. ताई खुर्ची सोडून टंकलेखिकेच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. प्रत अधीक्षकांना वाचून दाखवण्यात आली, आणि त्यांनी आपल्या नेहमीच्या नेटक्या अक्षरात सही केली. चौथ्या परिच्छेदाच्या जागी आता हे आहे:

"शनिवारी सकाळी चहा घेताना मला झेंडा दिसला. उलटा आहे हे लगेच कळलं. राग आला, आणि चहा तसाच ठेवून मी नोटीस टाइप केली. रविवारी चारला तो अर्ध्यापर्यंत खाली आला आणि हळूहळू वर गेला. मध्ये दोनदा थांबला. सव्वाचारला परत तसंच झालं. वारा नव्हता. कुंडीतलं पानसुद्धा हलत नव्हतं. कोणीतरी चूक दुरुस्त करतंय असं मला वाटलं, म्हणून मी खुर्ची घेऊन बघत बसलो. पण वर गेला तो उलटाच गेला. मग मी घरात येऊन पुरवणी लिहिली."